रूबेचं चुकलेलं फाटक

कुणीतरी म्हणतं की १९४९ ची पॅरिस-रूबे ही फ्रान्समधली सायकल शर्यत इटलीच्या सेर्से कोप्पीला थोरल्या भावाच्या, म्हणजे नामांकित सायकलपटू फाउस्तोच्या, वशिल्यानं मिळाली. अर्धंच खरं आहे ते. आंद्रे माहे, जॅक मुजिका आणि फ्रान्स लीनेन असे तिघे पुढे निसटले होते. शर्यत जिथं संपते त्या रूबेच्या व्हेलोड्रोमपाशी (सायकलींच्या ट्रॅकच्या मैदानापाशी) त्यांना चुकीच्या बाजूला वळवलं गेलं आणि ट्रॅकचं फाटक हुकलं. शेवटी पत्रकारांच्या बाजूच्या दारातून सायकली घेऊन आत शिरावं लागलं. तरी त्या तिघांत शेवटची स्प्रिंट माहेनंच जिंकली. मागच्या घोळक्यात सेर्से पहिला आला. मग फाउस्तोनं धाकट्याला तक्रार करायला लावली: ठरलेला मार्ग सोडला, सबब बाद!

नियमाला धरून होतं, नाही असं नाही. पण दगडी रस्त्यांवर हाडं खिळखिळी करून आलेल्या गड्याला वाट दाखवणाऱ्यांनीच चुकवायचं आणि वर बादही करायचं? एप्रिलमधल्या शर्यतीचं भिजत घोंगडं नोव्हेंबरपर्यंत पडलं. अखेर माहे आणि सेर्से दोघांनाही संयुक्त विजेते ठरवलं. माझ्या लेखी मात्र ती शर्यत माहेचीच. फाउस्तोला खरं तर असल्या भांडणाची गरजच नव्हती, १९५० मध्ये त्यानं एकट्यानं सुटून रूबे मारलं.