घाटात गेले की दुष्काळात? खापरपणजोबांच्या वडिलांचा शोध, मोडी वाचायला मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आमच्याकडे सर्वपित्री अमावास्येला एक पान 'घाटातल्या बाबांचं' वाढतात. हे माझ्या खापरपणजोबांचे वडील. त्यांची तिथी कुणालाच ठाऊक नाही, म्हणून सर्वपित्री. पिढ्यान्‌पिढ्या घरात एवढंच सांगत आलेत की खंडाळ्याच्या घाटात रेल्वेच्या कामाला गेले, तिथे पटकीची साथ आली आणि ते परतलेच नाहीत. वडील आता ८१ वर्षांचे आहेत. त्यांच्या हयातीत या माणसाचं खरं काय झालं ते कळावं, अशी फार इच्छा आहे.

गाव इंदापूर तालुक्यातलं, घराणं शेतकरी. मागच्या उन्हाळ्यात जुनं घर उतरवताना आढ्याजवळ पत्र्याचं एक नळकांडं सापडलं. आत दोन मोडी कागद होते आणि दोन्हींवर त्यांचंच नाव.

पहिला कागद म्हणजे गहाणखत. स्टँप कागदावर, शके १७९९, म्हणजे १८७७ सालचं. जिरायत जमीन सावकाराकडे गहाण टाकली आहे. नावापुढे 'उमर वर्षे अजमासे ४२' असं लिहिलंय आणि खाली सहीच्या जागी नांगराची निशाणी. हा नांगर मी कितीतरी वेळ बघत बसलो होतो. तीनच रेघा, पण रुमण्याची रेघ वर जाताना थरथरली आहे. १८७६ ते ७८ चा तो मोठा दुष्काळ आमच्या भागात फार भयंकर होता. सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांची खतं जाळली, त्याला तेव्हा दोनच वर्षं झाली होती. तरी पुन्हा सावकाराच्याच दारात जावं लागलं, यावरून घरची अवस्था समजते. पण मुद्दा असा की, १८७७ मध्ये हा माणूस गावात असेल, तर घाटात मेला कोण?

दुसरा कागद हे पत्र. मुक्काम खंडाळे, 'सिद्धार्थी नाम संवत्सरे, माघ शुद्ध ५'. शक जिथे असायला हवा तो कोपराच फाटलाय. संवत्सरं ६० वर्षांनी फिरून येतात, त्यामुळे हा शके १७८१ असेल किंवा १८४१, म्हणजे १८६० किंवा १९२० चा माघ. आणि इथेच सगळं अडतं. आमच्यात नातवाला आजाचं नाव ठेवतात, आणि तीन पिढ्या दोनच नावं आलटून पालटून आली आहेत. त्यामुळे घाटातले बाबा आणि माझे पणजोबा, दोघांचं स्वतःचं नाव तेच आणि बापाचं नावही तेच! शाळेच्या जनरल रजिस्टरप्रमाणे पणजोबांचा जन्म १८८० चा, म्हणजे १९२० चं पत्र त्यांचंही असू शकतं.

पत्रात पटकीचा शब्द स्पष्ट आहे, मजुरी अडकल्याचंही आहे. त्यापुढची ओळ निर्णायक ठरेल असं मला वाटतं: 'घाट उतरोन –डीस बसलों'. नेमकं पहिलं अक्षर कसरीने खाल्लंय. एका जाणकारांनी 'गाडीस' वाचलं, दुसऱ्यांनी 'वाडीस'. 'गाडीस' असेल तर प्रश्नच मिटतो. १८६० साली पुण्याकडून गाडी खंडाळ्यापर्यंत येत होती, खाली खोपोलीहून मुंबईला जात होती, पण मधला बोरघाट १८६३ साली सुरू झाला. तोवर घाट पायी किंवा डोलीतून उतरून खाली दुसरी गाडी धरावी लागे. १९२० मध्ये खंडाळ्याहून गाडीत बसायला कुणी घाट कशाला उतरेल?

दुसरी शंका निशाणीची. गहाणखतावर नांगर काढणारा माणूस पत्र कसं लिहील? की ते कामावरच्या एखाद्या कारकुनाकडून लिहून घेतलं असेल? अशी मजुरांची पत्रं कुणी पाहिली असतील तर कृपया सांगा. भावकीतही हीच नावं फिरतात, त्यामुळे गहाणखत दुसऱ्याच कुणाचं असेल हीही धास्ती आहेच.

माझा स्वतःचा कयास असा: बाबा घाटातून जिवंत परतले. आमच्यात आजा हयात असताना त्याचं नाव नातवाला ठेवत नाहीत, आणि पणजोबांना ते १८८० मध्ये मिळालं. म्हणजे बाबा १८७७ ते १८८० च्या दरम्यान, बहुधा दुष्काळात किंवा त्याच्या मागोमाग गेले. पटकीची भीती पत्रातून घरी पोचली आणि पुढे तीच त्यांच्या मरणाची गोष्ट झाली असावी.

हे खरं असेल तर खापरपणजोबा अस्थी घेऊन नाशिकला रामकुंडावर गेले असतील आणि तीर्थोपाध्यांच्या वहीत नोंद असेल. आमचे उपाध्ये कोण, हे घरात कुणाला माहीत नाही. आडनाव आणि गाव एवढ्यावर ते शोधायचे कसे? तिथे जाऊन वही पाहिलेल्या कुणाचा अनुभव असेल तर तो फार मोलाचा आहे. तलाठी कार्यालयातले फेरफार पाहून झाले, ते विसाव्या शतकाच्या मागे जात नाहीत. १८७७ च्या गहाणखताची नक्कल दुय्यम निबंधकांकडे मागायची की जिल्ह्याच्या अभिलेख कक्षात? अर्ज कसा करावा?

मोडीचे जाणकार असतील त्यांनी जरूर कळवा, दोन्ही कागदांचे स्वच्छ फोटो पाठवतो. त्या ओळीचा मोठा करून काढलेला फोटोही आहे. भोकाच्या डाव्या कडेला शाईचा एक बारीक वळसा शिल्लक आहे, त्यावरून अक्षर ओळखता येईल का?

ताजी भर: काल आत्याला फोन केला होता. ती म्हणाली, पणजोबा पंढरीच्या वारीपलीकडे कधी कुठे गेलेच नाहीत, आगगाडीत तर पायही ठेवला नाही. असं असेल तर पत्र १८६० चंच. तरीही ते एक अक्षर कुणीतरी वाचून द्या, म्हणजे वडिलांना खात्रीने सांगता येईल.