संभोग नाही, तरी हर्पिस?
संभोग झाला नाही, फक्त मुखमैथुन झालं आणि कपड्यांवरून अंग घासलं गेलं, तरी हर्पिसची धास्ती वाटतेय, असं एकाने विचारलंय. कपड्यांवरच्या स्पर्शाची काळजी सोडाच, त्यातून हा विषाणू लागत नाही. मुखमैथुनात मात्र धोका खरा आहे. ओठांवर फोड आणणारा हर्पिसचा विषाणू, एचएसव्ही-१, गुप्तांगावरही येतो, तोही समोरच्याच्या ओठांवर काही दिसत नसताना.

लक्षणं साधारण २ ते १२ दिवसांत दिसतात. आधी झिणझिण्या, जळजळ, मग पाण्याने भरलेल्या बारीक फोडांचा पुंजका. असं दिसलं की त्याच दिवशी त्वचारोगतज्ज्ञांकडे जा आणि फोडातल्या पाण्याची पीसीआर (थेट विषाणू शोधणारी तपासणी) करून घ्या. खपली धरली की विषाणू सापडणं अवघड होतं. विषाणूविरोधी गोळ्याही फोड आल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झालेल्या बऱ्या.

फोड नसताना घाईने रक्त तपासू नका, प्लीज. आयजीएम ही अँटीबॉडीची (विषाणूविरुद्ध शरीर बनवतं त्या प्रथिनांची) तपासणी तर नकोच, ती नाहक घाबरवते. आयजीजी ही दुसरी अँटीबॉडी तपासणी संपर्कानंतर १२ आठवड्यांआधी निगेटिव्ह आली तरी भरवसा नाही. आयजीजीत एचएसव्ही-२चा (हर्पिसचा दुसरा विषाणू, जो मुख्यतः गुप्तांगावर येतो) आकडा १.१ ते ३च्या मधे आला, तर तो अनेकदा खोटा पॉझिटिव्ह असतो. दुसऱ्या पद्धतीने खात्री केल्याशिवाय तो खरा धरू नका.