'रोपाला रंग कळत नाही' या लेखाला उत्तर

मुळाक्षर:
परवा रोखठोक यांनी इथे लेख टाकला. ते जिथे शिकवतात त्या अमेरिकन विद्यापीठाच्या कृषी महाविद्यालयात अल्पसंख्याक विद्यार्थ्यांच्या कौतुकाचा कार्यक्रम झाला. काळी, लॅटिनो, आदिवासी मुलं. कुणाचं मृदाशास्त्रातलं पोस्टर गाजलेलं, कुणाला वनखात्यात इंटर्नशिप. सन्मानचिन्हं, फोटो, भाषणं. यावर त्यांचं म्हणणं, रोपाला लावणाऱ्याच्या कातडीचा रंग कळत नाही, मग विद्यापीठाला का कळावा? गुणवत्ता असेल तर सगळ्यांबरोबर टाळ्या घ्या, वेगळा मांडव कशाला? खाली 'अगदी मनातलं बोललात'ची रांग लागली. माझा प्रतिसाद लांबला म्हणून वेगळा धागा.

वेगळा मांडव त्या मुलांनी घातलेला नाही हो. तो सरकारने कायदा करून घातला. १८६२ च्या मॉरिल कायद्याने राज्यांना जमिनी दिल्या, त्या विकून आलेल्या पैशांतून कृषी महाविद्यालयं उभी राहिली. दक्षिणेत काळ्यांना तिथे दार बंद. मग १८९० चा दुसरा कायदा आला: एकतर प्रवेश देताना रंग बघू नका, नाहीतर काळ्यांसाठी वेगळं कॉलेज काढा. दक्षिणेने काय निवडलं ते सांगायला नको. आज अलाबामातलं टस्कीगी धरून अशी १९ विद्यापीठं आहेत.

आता पैसा. १८८७ च्या हॅच कायद्याने संशोधन केंद्रांना आणि १९१४ च्या स्मिथ-लिव्हर कायद्याने विस्तारकार्याला, म्हणजे शेतीचं ज्ञान शेतकऱ्यांपर्यंत पोचवायच्या कामाला, केंद्राचा निधी सुरू झाला, तो जवळजवळ सगळा १८६२ वाल्यांकडे गेला. १८९० वाल्यांना संशोधनासाठी कायद्याने बांधलेला निधी मिळायला १९७७ उजाडलं. आणि हे सगळं जुनं झालं असं वाटत असेल तर सप्टेंबर २०२३ मध्ये शिक्षणमंत्री कार्डोना आणि कृषिमंत्री विल्सॅक यांनी १६ गव्हर्नरांना लिहिलेली पत्रं बघा. गेल्या तीसेक वर्षांत या विद्यापीठांना कमी दिलेली रक्कम १२ अब्ज डॉलरच्या वर. एकट्या टेनेसी स्टेटचे त्यातले दोन अब्जांहून जास्त.

रोपाला रंग कळत नाही, मान्य. कर्ज मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्याला बरोबर कळत होता. १९२० मध्ये अमेरिकेतल्या दर सात शेतकऱ्यांमागे साधारण एक काळा होता. आता शंभरात दोनही नाहीत. कृषी खात्याच्या कर्जातल्या भेदभावावरून काळ्या शेतकऱ्यांचा पिगफर्ड खटला झाला, १९९९ मध्ये तडजोड झाली, सुमारे एक अब्ज डॉलर वाटावे लागले. ज्या घरांची जमीन अशी गेली त्या घरातलं पोर पुन्हा मातीचंच शिक्षण घ्यायला आलं, तर त्याचं नाव एका संध्याकाळी माइकवरून घेतलं. एवढ्याने कुणाचं काय गेलं?

रोखठोक:
इतिहासाचा तास छान झाला. पण मी इतिहास नाकारला कुठे?

तुमचंच गणित तुम्हाला परत देतो. १२ अब्ज थकले आहेत ना? मग १२ अब्ज द्या. लाकडी पाटीवर नाव कोरून, डीनने हात मिळवून, फोटो संकेतस्थळावर टाकून विद्यापीठाचा खर्च किती होतो? पुढच्या वर्षीच्या माहितीपत्रकात तेच चेहरे पहिल्या पानावर छापायचे, आणि ती मुलं ज्या ग्रीनहाउसमध्ये काम करतात तिथला गळका पाइप तसाच. माझा राग त्या मुलांवर नाही, या स्वस्त सोहळ्यावर आहे.

आणि माझ्या लॅबमधली एक काळी मुलगी त्या कार्यक्रमाला मुद्दाम गेली नाही. म्हणाली, मला माझ्या ज्वारीच्या कामासाठी बोलावतील तेव्हा जाईन. तिला काय सांगू, तुला इतिहास कळत नाही?

कोरडवाहू:
दोघांचंही चालू द्या. आमचं कोण बोलणार? आपण भारतीय या देशात संख्येने अल्प, पण कौतुकाच्या यादीत नाही, कारण आपण 'कमी प्रतिनिधित्व असलेले' नाही. कृषी खात्याची नॅशनल नीड्स फेलोशिप बघायला गेलो तर ती फक्त नागरिकांना. प्राध्यापकाच्या ग्रँटवर पीएचडी केली, सणासुदीला सगळा कॅम्पस रिकामा असताना ग्रीनहाउसमध्ये गव्हावरचा तांबेरा मोजत बसलो. पानं मोजून मोजून डोळ्यांपुढे ठिपके यायचे. पदवी मिळाली त्या दिवशी टाळी वाजवायला लॅबमधला एक चिनी मित्र, बस्स. त्यानंतर व्हिसाची जी काय परवड झाली...

मुळाक्षर:
कोरडवाहू, व्हिसासाठी वेगळा धागा काढा, मी स्वतः येऊन भांडेन. पण नागरिकत्वाची अट आणि अल्पसंख्याकांचं कौतुक यांचा काडीचा संबंध नाही. तुमची फेलोशिप आयोवातल्या गोऱ्या पोराला मिळाली असेल, टस्कीगीच्या मुलीने पळवली नाही.

कोरडवाहू:
संबंध नाही कसा? टाळ्या कुणासाठी वाजतात हाच विषय आहे ना?

अरण्यिका:
सगळे शेतीवरच बोलताहेत, शीर्षकात नसलं तरी कार्यक्रमात नैसर्गिक संसाधनंही होती. मी वनशास्त्रातली. आमच्याकडे 'रंग कळत नाही'ची गंमत वेगळीच.

कॅलिफोर्नियात क्लॅमथ नदीच्या खोऱ्यात कारुक आणि युरोक लोक पिढ्यान्पिढ्या जंगलाला ठरवून, बेताने आग लावत आले. जळलेल्या हेझलच्या झुडपाला सरळ, लवचिक फोक येतात, त्याच्या टोपल्या विणतात. खाली साठलेला पालापाचोळाही जातो, मग मोठा वणवा भडकत नाही. १९११ च्या वीक्स कायद्यानंतर आग म्हणजे फक्त विझवायची गोष्ट ठरली. आजी-आजोबांच्या हातातली काडी गुन्हा झाली. शतकभर काडीकचरा साठला, मग मोठाले वणवे पेटले, आणि आता तेच वनखातं त्याच लोकांना बोलावून विचारतंय, कसं जाळायचं ते दाखवा.

त्या घरातली मुलगी वनशास्त्राची पदवी घेते तेव्हा ती 'सगळ्यांसारखीच' विद्यार्थिनी कशी? वर्गात अर्धं ज्ञान तिच्या घरचं, आणि पुस्तकावर नाव दुसऱ्याचं. रोखठोक, १८६२ च्या कायद्याने विकलेल्या जमिनी कुणाच्या होत्या तेही कुणीतरी लिहा. सुमारे १.१ कोटी एकर, अडीचशेच्या आसपास जमातींकडून घेतलेल्या. आदिवासी कॉलेजांना त्या पंक्तीत बसवायला १९९४ यावं लागलं.

जुनाजाणता:
सगळे कायदे पाठ आहेत तुमचे, छान. पण एक सांगा, जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हरला कुणी सन्मानसंध्या केली होती? मराठी घरात कार्व्हर माहीत नाही असा वाचणारा माणूस सापडणार नाही. गुलाम म्हणून जन्मला, कुणी कौतुक केलं नाही, रडला नाही. पीनट बटर शोधून जगाला देऊन गेला. कामच बोलतं. आजच्या मुलांना पाटी लागते, बॅनर लागतो.

गांडूळ:
पीनट बटर कार्व्हरने शोधलेलं नाही.

जुनाजाणता:
अहो, शाळेतलं पोर सांगेल!

गांडूळ:
शाळेतलं पोर चुकेल. शेंगदाण्याच्या पेस्टचं पेटंट माँट्रियलच्या मार्सेलस एडसनला १८८४ मध्ये मिळालं. कार्व्हर तेव्हा विशीत होता, कॉलेजचं तोंडही बघितलं नव्हतं. मग धान्याच्या नाश्त्यावाल्या केलॉगने १८९५ मध्ये अर्ज केला. कार्व्हरचा याच्याशी संबंध नाही.

जुनाजाणता:
म्हणजे आता कार्व्हरही खोटा? आमच्या पिढीने ज्याच्यावर श्रद्धा ठेवली त्याला पाडल्याशिवाय तुम्हाला पुरोगामी होता येत नाही वाटतं.

गांडूळ:
श्रद्धा तुमच्यापेक्षा कणभर जास्तच आहे, म्हणून त्याचं खरं काम सांगतो. अलाबामात कापूस, कापूस आणि कापूस. जमीन निःसत्त्व, त्यात बोंडावरचा भुंगा आला. कार्व्हरने सांगितलं, चवळी लावा, रताळी लावा, भुईमूग लावा. शेंगवर्गीय पिकांच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र जमिनीत आणतात. पण पिकवलेल्या शेंगांचं करायचं काय? म्हणून १९१६ ची पुस्तिका, भुईमूग कसा लावावा आणि खाण्याचे १०५ प्रकार. वाचता न येणाऱ्यांसाठी १९०६ मध्ये जेसप वॅगन, खेचरांची गाडी, त्यावर अवजारं, बियाणं. ती घेऊन गावोगाव फिरला टॉमस कॅम्पबेल, देशातला पहिला काळा विस्तार अधिकारी. स्मिथ-लिव्हर कायद्याच्या आठ वर्षं आधी! यातलं काही तुमच्या 'पीनट बटर'मध्ये येत नाही.

रोखठोक:
धागा कशावर होता?

कोरडवाहू:
भुईमुगावर. चालू द्या, पहिल्यांदाच काहीतरी शिकायला मिळतंय.

जुनाजाणता:
बरं, नसेल शोधलं. माझा मुद्दा तसाच आहे. कौतुकाशिवाय मोठा झाला.

गांडूळ:
तोही चुकीचा. कॅन्ससमधल्या एका कॉलेजने पत्रावर प्रवेश दिला आणि चेहरा बघून परत पाठवला, हे तुम्हाला माहीत असेल. पुढे सिम्प्सन कॉलेजात चित्रकला शिकत होता, तिथल्या एटा बड बाईंनी त्याला आयोवाच्या कृषी महाविद्यालयात धाडलं. १८९१, तिथला पहिला काळा विद्यार्थी. जेवायला इतरांबरोबर बसू देईनात, तळघरात बसवलं. पण त्याचं चित्र राज्याच्या प्रदर्शनात लागायचं होतं तेव्हा सोबतच्या पोरांनी त्याला सूट घेऊन दिला, तिकीट काढून सीडर रॅपिड्सला पाठवलं. ते युक्काचं चित्र पुढे १८९३ च्या शिकागो जागतिक प्रदर्शनात गेलं. बुरशीशास्त्रात पॅमेल सरांनी त्याला हाताशी धरलं. आता सांगा, सूट घालून, वर्गणी काढून, स्टेशनवर निरोप. याला सन्मानसंध्या नाही तर काय म्हणायचं?

अरण्यिका:
हा मुद्दा मला सुचायला हवा होता. जळफळाट होतोय.

रोखठोक:
तो सूट सोबत्यांनी स्वतःच्या खिशातून घेतला, विद्यापीठाच्या जनसंपर्क विभागाने नाही. माझंच म्हणणं सिद्ध केलंत, आभारी आहे.

आणि रंग बघून पैसे वाटण्याचं काय? २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रवेशातून वंश काढला. तरी १८९० शिष्यवृत्ती चालूच.

मुळाक्षर:
ही थाप आता ऐकून कान किटले. १८९० नॅशनल स्कॉलर्स ही कृषी खात्याची १९९२ ची योजना आहे, ती त्या १९ विद्यापीठांत शिकणाऱ्यांसाठी आहे, रंगासाठी नाही. वेस्ट व्हर्जिनिया स्टेट हे १८९० चंच विद्यापीठ, आज तिथे बहुसंख्य विद्यार्थी गोरे आहेत. तरीही फेब्रुवारी २०२५ मध्ये ती योजना थांबवली, ओरड झाली तशी काही दिवसांत पुन्हा सुरू केली. आणि तुमच्यासारखा शिकलेला माणूस 'रंग बघून' म्हणतो!

रोखठोक:
'तुमच्यासारखा शिकलेला' वगैरे भाषा आवरा. गोऱ्या विद्यार्थ्यांचं मला माहीत नव्हतं, ठीक आहे, ते वाक्य मागे. बाकी एकही नाही.

गांडूळ:
मी एका मृदापरीक्षण स्पर्धेचा प्रशिक्षक होतो, तिथलं सांगतो. खड्ड्यात उतरायचं, सुरीने थर खरवडायचे, मातीचे रंग ठरवायच्या मनसेलच्या रंगपुस्तिकेशी ढेकूळ जुळवायचं, मग माती ओली करून अंगठा आणि तर्जनीमध्ये दाबत तिची पट्टी काढायची. पट्टी जितकी लांब तितकी चिकणमाती जास्त. आमच्या संघातला एक काळा पोरगा डोळे मिटून टक्केवारी सांगायचा आणि प्रयोगशाळेचा आकडा जवळपास तोच यायचा. शेताचा मालक आला, सगळ्यांशी हात मिळवले, आणि या पोराला विचारलं, "खड्डा तूच खणलास का?" पोराने हसून अंगठ्यावरची पट्टी दाखवली आणि म्हणाला, नाही, मी तो वाचतोय.

रोखठोक, स्वस्त सोहळा म्हणा. मला पटतंय, पाइप गळतोय. पण त्या पोराला वर्षातून एकदा अशा खोलीत बसायला मिळालं, जिथे तो प्रश्न कुणी विचारणार नाही, तर ती खोली मला महाग वाटत नाही.

रोखठोक:
खोली असू द्या. पुढच्या वर्षी मी जातो, पहिल्या रांगेत बसतो. टाळ्या झाल्या की डीनना माइकवर विचारणार: १८६२ वाल्यांना राज्याने केंद्राइतकाच हिस्सा घालावाच लागतो, १८९० वाल्यांच्या बाबतीत राज्याला निम्म्यापर्यंत सूट मागता येते. ती बंद करा म्हणून आपलं विद्यापीठ एकतरी पत्र लिहिणार का? उत्तर आलं तर इथे टाकतो. आलं नाही तरी टाकतो.

मुळाक्षर:
जा. नक्की जा. सूट घालून जा.

जुनाजाणता:
एक राहिलं. कार्व्हरच्या नावावर पेटंटं होती की नाही?

गांडूळ:
तीन. १९२५ ते २७. दोन रंगांची, एक सौंदर्यप्रसाधनाचं.

जुनाजाणता:
सौंदर्यप्रसाधन कशापासून?

गांडूळ:
शेंगदाण्यापासून.

जुनाजाणता:
मग! एवढा वेळ काय वाद घालताय?