दोन हजारांची 'अस्तर चाचणी': उपयोग की लूट?

खाडीकाठ (धागाकर्ता)
रविवारी देवगडला आमच्या वाडीतल्या देवळाच्या सभामंडपात शिबिर झालं. बीपी-शुगर फुकट, पण 'रक्तवाहिन्यांच्या अस्तराची चाचणी' दोन हजार. दोन्ही तर्जनींना टोपणं, एका दंडाला पट्टा. पट्टा पाच मिनिटं करकचून आवळायचा, मग सोडायचा, आणि बोटातली नाडी किती उसळते ते मशीन मोजणार. काकांचा (वय 46, आंब्याची बाग, रोज मिश्री) आकडा 'कमी' आला आणि तेव्हापासून घरात सुतकी कळा. हार्ट अटॅकच्या नावाने भीती विकण्याचा धंदा आहे हा, असं माझं स्पष्ट मत. तुमचं बोला.

सड्यावरचा
धंदा म्हणा, पण त्यामागचं शास्त्र खोटं नाही. धमनीच्या आतल्या बाजूला पेशींचा एकच थर असतो, एंडोथेलियम. रक्ताचा लोंढा आला की तो नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू सोडतो आणि धमनी सैलावते. 1980 मध्ये फर्चगॉट आणि झावाडझ्की यांनी सशाच्या महाधमनीवर या अस्तराचं महत्त्व दाखवलं: अस्तर शाबूत असेल तर अ‍ॅसिटिलकोलीन या रसायनाने धमनी सैलावते, अस्तर खरवडलं गेलं असेल तर नाही. या नायट्रिक ऑक्साइडच्या शोधासाठी 1998 चं नोबेल मिळालं, फर्चगॉट, इग्नॅरो आणि मुराद यांना. पुढे 1992 मध्ये सेलरमायर आणि सहकाऱ्यांनी पट्टा आवळून सोडायची हीच युक्ती दंडाच्या धमनीच्या सोनोग्राफीला जोडली. सिगरेट ओढणारे, आनुवंशिक कोलेस्टेरॉलवाली लहान मुलं, यांच्या धमन्या नीट फुगत नव्हत्या, आणि त्यांना त्रास काहीच नव्हता! चरबीचे थर साचायच्या आधी अस्तर बिघडतं. ते आधी कळलं तर वाईट काय?

प्रोबवाली
सोनोग्राफीत पंधरा वर्षं काढली आहेत, म्हणून लिहिते. दंडातली धमनी जेमतेम चार मिलिमीटरची. पाच टक्के फुगली तर फरक 0.2 मिलिमीटर. प्रोब, म्हणजे अंगावर टेकवायचं सोनोग्राफीचं टोक, केसभर सरकला की आकडा बदलला. वर सकाळचा चहा, सिगरेट, पोटभर नाश्ता, खोलीतला गारवा, बायकांची पाळी, या सगळ्याने तो हलतो. खाडीकाठ, काका उपाशीपोटी गेले होते का?

खाडीकाठ
छे हो. बाहेर रांगेत कांदेपोहे आणि चहा, तोही दोनदा. आयोजकांचाच.

प्रोबवाली
मग त्या आकड्याला काय किंमत! शिवाय बोटाची चाचणी प्रामुख्याने बारीक वाहिन्यांबद्दल बोलते, दंडाची मोठ्या धमनीबद्दल. दोघींचे निकाल जुळतीलच असं नाही. लक्षणं नसलेल्या माणसाचा धोका ठरवायला धमनी फुगवण्याच्या चाचणीची शिफारस अमेरिकेतल्या हृदयरोग संघटनांनी 2010 च्या मार्गदर्शक सूचनांत केली नाही. संशोधनात शेकडो माणसांची सरासरी काढायला उत्तम, एकट्या काकांना घाबरवायला नाही.

सड्यावरचा
अमेरिकेचं तिकडे. आपल्याकडे पहिला अटॅक येतो सरासरी त्रेपन्नाव्या वर्षी, इतरत्र एकोणसाठच्या आसपास. आणि इथून अँजिओप्लास्टीला बहुतेक जण पळतात कुठे, तर गोव्यातलं बांबोळी नाहीतर कोल्हापूर. घाट चढेपर्यंत काय होतं ते सगळ्यांनी पाहिलंय. आमच्या बाबांचा असाच आकडा खराब आला, दुसऱ्या दिवशी मिश्रीचा डबा चुलीत गेला. पंचवीस वर्षं आईने सांगून झालं नव्हतं ते कागदाच्या एका चिठ्ठीने झालं.

बांगडा_फ्राय
माका काय्येक समाजला नाय. पण दोन हजारात घरची बीपीची मशीन येता मां?

प्रोबवाली
येता! सड्यावरचा, बाबांनी मिश्री सोडली याचा आनंदच आहे. पण आकडा चांगला आला असता तर? 'अस्तर ठणठणीत' म्हणत त्यांनी आणखी पंचवीस वर्षं तंबाखू भाजली असती. 52 देशांतला 2004 चा मोठा अभ्यास सांगतो की अटॅकचा नव्वद टक्के धोका नऊ साध्या गोष्टींत सापडतो: तंबाखू, बीपी, साखर, चरबी, पोटाचा घेर वगैरे. यांतलं काहीही शोधायला बोटाला टोपण लागत नाही.

सड्यावरचा
'सापडतो' आणि 'माणूस ऐकतो' यांत फरक आहे, ताई.

खाडीकाठ
अपडेट. काल काकांना तालुक्याला नेलं. बीपी 156/98. डॉक्टरांनी शिबिराची फाइल मागितली. अस्तराचा रंगीत रिपोर्ट सगळ्यांत वर, प्लॅस्टिकच्या पाकिटात. त्याच्याखाली चतकोर चिठ्ठी, फुकटच्या टेबलावरची: 150/96. घरात सात माणसांनी ती फाइल चाळली होती. चिठ्ठी कोणीच वाचली नव्हती, मीसुद्धा नाही.

सड्यावरचा
आणि तो रंगीत रिपोर्ट नसता, तर काकांना तालुक्याला नेलं असतंत?

खाडीकाठ
नसतं. आंबा उतरायचे दिवस आहेत.