डोळे मिटून शाडूचं काम: घरी सुरुवात कशी करायची?

रेघोटी:
मी मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते, जवळपास सगळी स्क्रीनवर. हल्ली काढलेले हातपाय मापात बरोबर असतात, पण त्यांत वजन नसतं. उभी असलेली बाई जमिनीवर टेकलेलीच वाटत नाही. मैत्रीण म्हणते, आधी स्वतःच्या अंगाकडे लक्ष दे, मग डोळे मिटून मातीत काम कर. शिबिराला जाणं सध्या जमणार नाही. गणपतीतलं शाडूच्या मातीचं पाकीट घरात आहे. एकटीने कसं करू?

मातकट:
ताई, शाडू उत्तम. रात्री भिजवा, सकाळी मळा, हाताला चिकटेनाशी झाली की मोसंबीएवढा गोळा घ्या.

खुर्चीत बसा, अनवाणी पाय फरशीवर. मातीला हात लावण्याआधी थोडा वेळ एकाच तळव्याकडे लक्ष द्या. टाच नेमकी कुठे टेकलीय, कुठला भाग अधांतरी आहे, बोटांच्या बेचक्यांत गार लागतंय का. पायाला हात लावायचा नाही, बघायचंही नाही. मग डोळे मिटून तोच पाय करा, आतून जाणवला तसा.

माझ्या पहिल्या पायाला अवाढव्य टाच आली आणि करंगळी आलीच नाही. डोळे उघडले की हात शिवशिवतात, पण दुरुस्ती करू नका. करंगळी तिथे असून आपल्याला जाणवत नव्हती, हेच तर त्या मातीत उमटलेलं असतं. दुसऱ्या दिवशी करंगळी फरशीवर दाबून बघा, मग नवा पाय करा.

व्हिक्टर लोवेनफेल्ड व्हिएन्नाच्या अंधशाळेत मुलांकडून मातीकाम करून घेत. १९३८ मध्ये त्यांना देश सोडावा लागला. पुढे अमेरिकेत ते कलाशिक्षणातलं मोठं नाव झाले. जे तीव्रतेने जाणवतं ते आकाराने मोठं होतं, हे त्यांनी या मुलांच्या कामात पाहिलं, आणि काही डोळस मुलंही अशीच चित्रं काढतात हेही सांगितलं. मी शाळेत चित्रकला शिकवते. झेल घेणारा माणूस काढताना पाचवीतली मुलं त्याचे हात हातभर लांबवतात. मी ते कधीच खोडायला लावत नाही.

सांधा:
मी फिजिओथेरपिस्ट. बोटाच्या टोकावर दोन टोचण्यांत दोन-तीन मिलिमीटर अंतर असलं तरी त्या वेगळ्या कळतात. पाठीवर त्यासाठी जवळपास चार सेंटिमीटर लागतात. माँट्रियलचे मेंदूशल्यविशारद वाइल्डर पेनफिल्ड यांनी जाग्या रुग्णांच्या मेंदूला विजेचा सौम्य स्पर्श करून शरीराचा नकाशा मांडला. त्यातही हात आणि ओठांनी केवढी तरी जागा व्यापलेली आहे. मातकटताईंची टाच त्यामुळे मला अजिबात चुकीची वाटत नाही.

रेघोटी, तुमच्या उभ्या बाईसाठी एक सांगते. भिंतीला हात टेकवून एका पायावर उभ्या राहा आणि डोळे मिटा. घोटा क्षणभरही स्थिर नसतो, तोल सांभाळत सारखा बारीक हलत असतो. ती ओढाताण कमरेपर्यंत चढते. तेवढीच घ्या आणि मातीत करा, चेहरा वगैरे नको. आणि अंगाकडे लक्ष देताना कुणाकुणाला घाबरायला होतं, जुनं काही वर येतं. तसं झालं तर सरळ डोळे उघडा, थांबा.

पेन्सिलटोक:
मातीनंतर कागदावर यायचं तर किमॉन निकोलायडीस न्यूयॉर्कला शिकवत ती पद्धत घ्या. नजर वस्तूच्या कडेवर ठेवायची, कागदाकडे बघायचं नाही, आणि पेन्सिलचं टोक त्या कडेलाच लागलंय असं मानून सावकाश सरकायचं. स्क्रीनवर मात्र नको. काच गुळगुळीत असते, कागद टोकाला अडवतो, आणि ते अडवणं हवंच.

रेघोटी:
आज केलं! माझ्या पायाला अंगठाच अंगठा आहे, बाकी बोटं त्याच्या आड. ठेवून दिलाय तसाच. एकच अडचण, पंख्याखाली वाळवला तर मधोमध तडा गेला. ही माती परत वापरता येईल का?

मातकट:
येते, भाजलेली थोडीच आहे. आधी पूर्ण वाळू द्या, मग फोडून पाण्यात टाका. अर्धवट ओली टाकली तर गाठी राहतात. पुढच्या वेळी पंखा नको, वर ओलसर फडकं टाकून सावलीत ठेवा.