घटस्फोटाच्या काळात बागेने दिलेला आधार: तुमचे अनुभव लिहा

आज सकाळी मोगऱ्याची कुंडी बदलताना मुळांच्या गुंत्यात निळ्या काठाच्या बशीचा तुकडा सापडला आणि तो सगळा काळ पुन्हा डोळ्यांसमोर उभा राहिला. आहेरात आलेली ती बशी २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये माझ्या हातून फुटली होती आणि खापरी मिळेना म्हणून तिचाच तुकडा मी कुंडीच्या भोकावर ठेवला होता. त्याच महिन्यात आम्ही परस्परसंमतीचा अर्ज दाखल केला होता. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब प्रमाणे त्यानंतर सहा महिने थांबायचे होते. ही मुदत न्यायालय माफ करू शकते, असा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २०१७ च्या सप्टेंबरमध्ये आला, तोवर माझे सहा महिने सरले होते. त्या दिवसांत माझे काहीच ठरत नव्हते, पण मोगऱ्याचे ठरलेले होते: डिसेंबरात पाणी तोडायचे, जानेवारीत छाटणी करून शेणखत घालायचे, आणि मार्चमध्ये कळ्यांची वाट पाहायची. आपणांपैकी कोणी या वाटेने गेले असेल, तर अवश्य लिहावे.

---

ताई, कुंडीतली झाडे बरोबर आणता येतात, जमिनीतली आणता येत नाहीत, याचे दुःख मला दागिन्यांपेक्षा अधिक झाले. सासरच्या शेजारच्या काकूंनी कोणालाही न सांगता माझ्या जास्वंदीच्या चार फांद्या ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून पाठवल्या. त्यांतल्या दोन जगल्या.

---

मुलगी माझ्याकडे केवळ रविवारी येत असे. दोन रविवारांच्या मध्ये डोळ्यांना दिसेल इतके काय वाढते, याचा विचार करून आम्ही ट्रेमध्ये मेथी पेरली. ती तीन-चार दिवसांत उगवते, त्यामुळे पुढच्या रविवारी दार उघडताच मुलगी चप्पल न काढता गॅलरीकडे धावत असे.

---

पाणी तोडण्याला बागायतदार 'ताण देणे' म्हणतात. ताणानंतरच बहर येतो, असे एका नातेवाइकांनी मला त्या वर्षी ऐकवले होते आणि ते मला अजिबात सहन झाले नव्हते. माझा आधार निराळा होता. जास्वंदीवर पिठ्या ढेकूण पडला होता; साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या कापसाने एकेक पान उलटे करून पुसताना तासभर रडता येत असे, आणि कोणी कारण विचारत नसे.

---

त्या तुकड्याचे काय केलेत? आणि माझ्या मोगऱ्याला पाने भरपूर आहेत, पण कळ्या येत नाहीत, असे का होत असावे?

---

तुकडा धुऊन नव्या कुंडीच्या भोकावर पुन्हा ठेवला आहे. मोगऱ्याला निदान पाच-सहा तास थेट ऊन हवे. सावलीत तो नुसता पानांवर जातो. जास्वंदवाल्या ताई, पावसाळ्यात माझ्याकडच्या दोन फांद्या नक्की घेऊन जा.