लुसाकातला कॉलरा नकाशावर कसा वाचायचा?

प्रश्न: ऑक्टोबर २०१७ मध्ये झांबियाच्या राजधानीत कॉलरा आधी चिपाटा वस्तीत दिसला, काही दिवसांतच कानयामात. रुग्णांचे ठिपके मांडलेत. पुढे काय बघू?

भूजलवाला: आधी जमीन बघा. कानयामाखाली भेगाळ कार्बोनेट (चुनखडीसारखा) खडक आहे. संडासाचा खड्डा खोल खणता येत नाही. पावसाळ्यात भूजल वर आलं की खड्डा आणि उथळ विहीर एकाच पाण्यात! विहीर खड्ड्यापासून ३० मीटर दूर असली तरी भरवसा नाही, भेगांतून पाणी न गाळताच धावतं.

साथनोंदवाला (साथीच्या रुग्णांच्या नोंदी ठेवणारा): नुसते ठिपके फसवतात, दाट वस्तीत ते जास्तच दिसणार. दर दहा हजार लोकांमागे रुग्ण काढा. तारीख जुलाब सुरू झाल्याची घ्या, दाखल झाल्याची नको. घरांना नंबर नसतील तर जवळची खूण लिहा, आणि ‘पिण्याचं पाणी कुठून भरता?’ हे विचाराच. पत्त्याच्या जागी उपचार केंद्र लिहिलं गेलं की तिथे खोटा पुंजका उमटतो.

भूजलवाला: अगदी बरोबर. नकाशावर पाण्यात उरलेल्या क्लोरीनच्या नोंदीही चढवा: नळकोंडाळ्यावर लिटरला किमान ०.५ मिलिग्रॅम हवा, घरच्या भांड्यात किमान ०.२. उघड्या, मळक्या बादलीत तो लवकर संपतो, म्हणून भांड्यातलं पाणी तपासायलाच हवं.